जंगलाचा सातबारा कोण लिहिणार?

जमीन कसणाऱ्याला आपल्याकडे किंमत नाही, सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला आहे. ज्याच्या हाती नोंद, त्याच्या हाती हक्क! हे सत्य बहुजन समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. आज तोच प्रश्न जंगल, तळी आणि नद्यांतील जीवसृष्टीबाबत उभा आहे.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. राजस्थानातील सरिस्कात २००४ साली कागदावर वाघ होते. २००५ साली शोध घेतला तेव्हा एकही सापडला नाही. त्या बनवाबनवीला आळा बसला तो तंत्रज्ञानानेच. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची निघाली. अंगावरचे पट्टे संगणकाने जुळवून वाघ मोजले गेले. पण ही माहिती गेली कुठे? १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. वाघाची खबर सर्वांत आधी कोणाला हवी? पर्यटकाला, की पोटासाठी जंगलात जाणाऱ्या बाईला? ताडोबा-पेंच परिसरातील काही गावांत आता इशारा देणारे कॅमेरे आले आहेत. ते प्रत्येक जंगललगतच्या गावाचा हक्क मानले पाहिजेत.

यासाठी कायदा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही लिहायची. कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणता मासा कधी अंडी घालतो, कोणत्या रोगावर कोणते मूळ चालते, हे सारे त्यात यायचे. पण वर्षानुवर्षे कायदा कागदावरच राहिला. २०१६ साली प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा १० लाख रुपये भरावेत, असा आदेश निघाला. मग सुरू झाली धावपळ! महाराष्ट्रात अशा समित्या २८ हजारांहून अधिक. एवढ्या घाईत रकाने भरतात, लोकांचे ज्ञान नोंदले जात नाही.

हे काम करायचे कसे, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने दाखवले. तेथील गोंड आदिवासींनी अभ्यासगट काढले, जंगलाचा स्वतः अभ्यास केला, मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत शोधली. २००९ साली वनहक्क कायद्याने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. अभ्यास आधी, हक्क मागून! भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढिवर बांधवांकडेही असेच ज्ञान आहे. पाण्यातले कोणते गवत गेले की कोणता मासा जातो, हे त्यांना विद्यापीठाने शिकवलेले नाही. त्यांना अडाणी म्हणणाराच अडाणी.

आणि शहराचे काय? राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय २०१२ पासून आपल्या नागपुरातच आहे. रामदासपेठेला लागून नाग नदी वाहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराने ही नदी आहे, नाला नव्हे, याची शहराला आठवण करून दिली. तिच्या काठची झाडे, पक्षी, पाण्यातले जीव यांची नोंद महापालिकेचीही जबाबदारी आहे. रामदासपेठेतील सुशिक्षितांनी आणि काठावरच्या वस्त्यांतील लोकांनी मिळून ती तपासावी.

एक धोकाही ओळखला पाहिजे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. म्हणजे ज्ञान लोकांचे, नफा कंपन्यांचा! अशा वेळी आपल्या ज्ञानाची नोंद कोण करतो, ती कोणाच्या ताब्यात राहते, याबाबत गाफील राहून चालणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नोंदवही मराठीत आणि स्थानिक बोलीत हवी. मोबाइल गावातल्या शिकलेल्या मुलामुलींच्या हातात द्या आणि कामाचा मोबदला द्या. ग्रामसभेत वाचून मंजूर झाल्याशिवाय एकही नोंद अंतिम मानू नका. आणि आपल्या तरुणांनो, कुणी येऊन लिहील म्हणून थांबू नका. ग्रामपंचायतीत जा, नोंदवही मागा, वाचा, चूक असेल तर दुरुस्त करा. दुसऱ्याने लिहिलेल्या सातबाऱ्यावर आपले नाव कधीच नव्हते, हे विसरू नका!