बाळंतपण सरलें, पथ्य सरलें नाहीं

आमच्या कोंकणांत बाळंतिणीची काळजी घेण्याची रीत जुनी आहे, व ती चांगलीहि आहे. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरीं येते. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना विसावा, यांत कांहीं उणें पडूं दिलें जात नाहीं. परंतु बारसें आटोपून मुलगी सासरीं गेली, कीं सर्वांचें लक्ष बाळाच्या वजनाकडे व लसींकडे लागतें. आणि गर्भारपणांत तिला जें दुखणें झालें होतें, तें "बाळंतपणांतलें होतें, गेलें" असें म्हणून विसरलें जातें. हें विसरणें हिताचें नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

गर्भारपणांत शरीरांतील रक्त जवळजवळ दीडपट होतें व तें खेळविण्याचा भार हृदयावर पडतो. शाळेंत वार्षिक परीक्षेपूर्वीं चाचणी परीक्षा घेतात. तींत विद्यार्थी कोठें कच्चा आहे तें वेळींच कळतें. गर्भारपण ही हृदयाची व रक्तवाहिन्यांची तशीच चाचणी होय. रक्तदाब वाढून लघवींतून प्रथिनें जाऊं लागलीं, ज्यास डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. रक्तांत साखर वाढली. किंवा मूल अपुऱ्या दिवसांचें झालें. तर ती पुढील आयुष्याविषयींची सूचना असते. प्रसूतीनंतर दाब व साखर बहुधा खालीं येतात. सूचना मात्र कायम राहते.

सन २००७ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नें सुमारें ३५ लक्ष स्त्रियांच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध केला. प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांत पुढें हृदयविकाराचें प्रमाण इतरांच्या सुमारें दुप्पट, व कायमच्या रक्तदाबाचें साडेतीन पटींहून अधिक आढळलें. गर्भारपणांत मधुमेह झालेल्या स्त्रीस तो पुढें कायमचा जडण्याचा संभव सुमारें सातपट असतो, असें २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें. यांत घाबरण्याचें कारण नाहीं. तरुण वयांत मूळ धोकाच थोडा असतो. तो दुप्पट झाला तरी बहुतेकींच्या वांट्यास येत नाहीं. पण सूचना मिळूनहि स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे.

"ती दिवसभर राबते, तिला वेगळें चालावयास कशाला हवें?" असें घरोघर ऐकूं येतें. घरकाम व्यर्थ जात नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० च्या सूचनांत तेंहि जमेस धरलें आहे. पण आतां विहिरीचें पाणी पंप चढवितो व पाट्या-वरवंट्याचें काम यंत्र करतें. ओट्यापुढें तासभर उभें राहिल्यानें पाय दुखतात, श्वास मात्र वाढत नाहीं. श्वास किंचित् वाढेल अशी हालचाल आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें हवी. ज्यांस मांडवीचा किनारा जवळ आहे त्यांनीं तेथें, इतरांनीं आपल्या आळींत, रोज अर्धा तास झपझप चालावें. प्रसूति नुकतीच झाली असल्यास, विशेषतः शस्त्रक्रियेनें, डॉक्टरांस विचारून हळूहळू आरंभ करावा.

चरकसंहितेंत निद्रेची गणना शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेंहि २०२२ सालीं हृदयाच्या आरोग्यास आवश्यक अशा आठ गोष्टींत निद्रेचा समावेश केला; प्रौढांस सात ते नऊ तास झोंप हवी. आणि घरांत सर्वांच्या मागून निजणारी व सर्वांच्या आधीं उठणारी कोण, हें सुज्ञांस सांगणें न लगे! मध्यें मूल दोनदां उठवितें तें वेगळेंच. यास औषध नाहीं. कामाची वांटणी हाच उपाय. पहाटे मूल आजीनें घ्यावें, रात्रींचा एक पहारा बापानें करावा, सकाळचा चहा दिरानें ठेवावा. भार वांटून घेणें हेंच एकत्र कुटुंबाचें भूषण. जागरण एकटीच्याच वांट्यास येत असेल, तर तें कुटुंब नांवापुरतेंच एकत्र.

आणखी एक गोष्ट. माता व बाल संरक्षण कार्ड लसी संपल्या कीं अडगळींत जातें. तें व रुग्णालयाचे कागद जपून ठेवावे. गर्भारपणांत साखर वाढली असल्यास प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती तपासावी, व पुढेंहि डॉक्टरांच्या सल्ल्यानें तपासीत राहावें. रक्तदाब दरवर्षीं मोजावा. पहिल्या सहा आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणें, किंवा आडवें होतांच दम लागणें असें कांहीं झाल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

ज्या घरांत चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया आहेत, तेथें आज जेवणें झाल्यावर एवढें विचारावें: "तुमच्या बाळंतपणांत दाब किंवा साखर वाढली होती काय?" उत्तर बहुधा त्यांच्या एकटीच्याच स्मरणांत असेल. तें कागदावर उतरवून पुढच्या वेळीं डॉक्टरांस दाखवावें.