मर्यादित आवृत्तीचा दिमाख

गाण्याची रेकॉर्ड विकत घेण्याची दोन कारणे असू शकतात. एक, ती आपल्याला ऐकायची असते. दुसरे, ती इतरांना मिळालेली नसते. पहिल्या कारणाला रसिकता म्हणतात. दुसऱ्याला सभ्य शब्द सापडत नाही, म्हणून ‘संग्रह’ म्हणण्याची चाल पडली आहे. अमेरिकेतील ‘हार्डकोर पंक’ संगीताच्या दुर्मीळ रेकॉर्डींचा जो बाजार आज भरला आहे, तो बराचसा या दुसऱ्या कारणावर उभा आहे. त्याविरुद्ध चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

हे संगीत आपल्या कानांना गोड लागणारे नाही, हे आधीच सांगून टाकतो. मिनिट-दीड मिनिटाची गाणी, सुसाट बडवलेले ड्रम, कर्कश गिटार आणि घशाच्या शिरा ताणून ओरडणारी पोरे. ते कोणाला आवडावे असा माझा आग्रह नाही. पण ते कशासाठी जन्मले, हे समजून घेतले पाहिजे.

१९८० साली वॉशिंग्टनमध्ये ‘टीन आयडल्स’ नावाचा कोवळ्या पोरांचा एक बँड होता. त्यांच्यापुढचा प्रश्न दाराचा होता. कार्यक्रम होत ते मद्य विकणाऱ्या क्लबांत, आणि अल्पवयीन श्रोत्याला दारावरच अडवत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात या मुलांना तोडगा सापडला. हातावर काळी फुली मारायची. फुलीवाल्याला मद्य द्यायचे नाही, गाणे मात्र ऐकू द्यायचे. परतल्यावर आपल्या शहरातील क्लबचालकांपुढे त्यांनी हीच तोड मांडली. मुद्दा साधा होता : ज्याला ऐकायचे आहे, त्याला आत घ्या.

त्याच वर्षी बँड मोडला. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे सहाशे डॉलर शिल्लक होते. ते वाटून न घेता मुलांनी आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली, ‘मायनर डिस्टर्बन्स’. प्रती एक हजार. कव्हरे मित्रमंडळींनी हाताने कापली, दुमडली आणि चिकटवली. त्यावर चित्र होते फुली मारलेल्या दोन मुठींचे. ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था सुरू झाली ती या रेकॉर्डीने. प्रती थोड्या निघाल्या, कारण खिसा लहान होता आणि ऐकणारे मूठभर होते. त्यात मिरवण्यासारखे काही नव्हते. गरिबाच्या अंगावरचे ठिगळ पुढे श्रीमंताने शोभेसाठी लावावे, तसे या तुटवड्याचे झाले.

न्यूयॉर्कच्या ‘जज’ या बँडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्यांच्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डीचे मुद्रण त्यांना पसंत पडले नाही, म्हणून ते बाजूला सारून सगळे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ती रेकॉर्ड ‘ब्रिंगिन इट डाउन’ १९८९ साली आली. दरम्यान आगाऊ पैसे पाठवून ताटकळलेल्या गिऱ्हाइकांचे समाधान म्हणून नाकारलेल्या मुद्रणाच्या शंभराच्या आसपास प्रती काढून वाटल्या. आज तीच नाकारलेली रेकॉर्ड हजारो डॉलरांना जाते! कलावंत म्हणतो, हे वाईट झाले; बाजार म्हणतो, म्हणूनच हे मौल्यवान. मग किंमत गाण्याची की आकड्याची?

जुना तुटवडा निदान खरा होता. आजचा तुटवडा मुद्दाम घडवला जातो. रेकॉर्ड निघते ती धातूच्या साच्यातून. साचा तयार झाला की पुढची प्रत काढायला खर्च थोडाच येतो. तरी एकच मुद्रण शंभर लाल, दोनशे पिवळे आणि बाकीचे काळे असे विकायचे, वर क्रमांक घालायचे. खाचा त्याच, गाणी तीच. ऐकणाऱ्याला एक प्रत पुरते. संग्राहक तिन्ही रंग घेतो आणि वेष्टनही न फोडता फळीवर ठेवतो.

यावर तीन उत्तरे दिली जातात. पहिले, संग्राहकांनी हा ठेवा जपला. ते खरे आहे, आणि जपणाऱ्यांचे ऋण मी मानतो. पण जपणे म्हणजे पुढच्याच्या हाती देणे. आमच्या शाळांतील ग्रंथालयांची कुलूपबंद काचेची कपाटे पाहिलेल्याला हा फरक शिकवावा लागत नाही. दुसरे, छोट्या संस्थांना रंगीत प्रतींमुळे पैसा मिळतो. मिळू द्या, पण साधी, स्वस्त प्रत कायम बाजारात ठेवा. डिस्कॉर्डने हेच केले. आपल्या सुरुवातीच्या चार सात इंची रेकॉर्डी १९८४ साली एकाच मोठ्या तबकडीवर काढल्या, म्हणजे गाण्यासाठी कोणाला दलालाकडे जावे लागू नये. याच संस्थेच्या ‘फुगाझी’ या बँडने वर्षानुवर्षे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले आणि कार्यक्रम सर्व वयांसाठी खुले ठेवले. तिसरे उत्तर, गाणी आता इंटरनेटवर ऐकता येतात, मग नुकसान कोणाचे? या उत्तराने तर संग्राहकच उघडा पडतो. आवाज सर्वांना मिळत असेल, तर हजारो डॉलर मोजून तो विकत काय घेतो? दुसऱ्याकडे नसणे, एवढेच.

आम्हा दुभाषी मुलखातल्या माणसांना हे परके वाटू नये. आमचे दिवाळी अंक आणि नाट्यमंडळांच्या स्मरणिका शेकड्यांनीच छापल्या जातात, कारण पैसा तेवढाच असतो. एक प्रत चार घरांत फिरते, मुखपृष्ठ फाटते, कोणीतरी शाईने डाग पाडतो. त्या प्रतीला बाजारात कवडीही मिळणार नाही, पण अंक काढणाऱ्याला हवे होते ते तिनेच साधलेले असते.

तेव्हा संग्राहकांना माझे सांगणे एवढेच, की वेष्टन फोडा, रेकॉर्ड लावा आणि शेजारच्या पोराला ऐकायला बोलवा. ज्या मुलांनी दार उघडावे म्हणून हातावर फुली मारून घेतली, त्यांच्याच गाण्यांच्या दारावर तुम्ही पहारेकरी होऊन उभे राहू नका.