दिवाणखान्यामागचे स्वैपाकघर

मराठीच्या मास्तराला एक वाईट खोड असते. हातात पेन्सिल असल्याशिवाय त्याला पुस्तक वाचता येत नाही. माझ्याकडच्या गडकऱ्यांच्या नाटकांच्या प्रती कुणी पाहिल्या, तर छापणाऱ्याची शाई अधिक की माझे शिसे अधिक असा प्रश्न पडावा. कोटी दिसली की रेघ, उपमा दिसली की दोन रेघा! अत्र्यांची तीच गत. काही वर्षांपूर्वी हीच पेन्सिल घेऊन मी ॲलन एकबर्न या इंग्रज नाटककाराचे एक नाटक वाचायला बसलो. आमच्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने 'हसून हसून पोट दुखेल' अशी हमी दिली होती. पुस्तक संपले. पोट शाबूत होते आणि पेन्सिलीचे टोकही. एकाही वाक्याखाली रेघ नव्हती. सहकाऱ्याने आपला मामा बनवला असे म्हणून मी पुस्तक परत केले.

नाटक नुसते वाचायचे नसते, डोळ्यांपुढे उभे करायचे असते, हे वर्गात दरवर्षी घसा खरवडून सांगणारा मी! पण ते पुस्तक दुसऱ्यांदा मागून आणीपर्यंत मला माझेच व्याख्यान आठवले नव्हते. एकबर्नचा विनोद वाक्यात नसतोच. एक बाई दुसरीला म्हणते, की राहू दे, ओव्हन मी घासून देते. यात हसण्यासारखे काय आहे? काही नाही. पण त्या दुसऱ्या बाईने ओव्हनमध्ये डोके घातले आहे ते जीव द्यायला, आणि पहिलीला वाटते आहे की ही साफसफाई चालली आहे, एवढे आपल्याला ठाऊक असले की मग त्या वाक्याचे काय होते पाहा. आपण हसतो. हसून झाल्यावर, आपण कशाला हसलो ते आपल्याला कळते.

या सद्गृहस्थाची ओळख थोडक्यात करून देतो. जन्म १९३९ चा, लंडनचा. वडील वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत, आई मासिकांतून कथा लिही. आईवडिलांचे पटले नाही आणि आईचा दुसरा संसारही सुखाचा झाला नाही. घरातल्या माणसांमधली युद्धे मुलाने फार जवळून पाहिली. १९५७ साली हा तरुण यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरो या गावी एका छोट्या नाटकमंडळीत नट आणि रंगमंच-व्यवस्थापक म्हणून दाखल झाला. मंडळीचा चालक स्टीफन जोसेफ. आपल्या वाट्याला आलेल्या भूमिकेबद्दल कुरकुर केली तेव्हा जोसेफने सुनावले, की चांगली भूमिका हवी असेल तर स्वतः लिही. याने खरेच लिहिली! १९५९ सालचे ते पहिले नाटक. त्यानंतर लेखणी थांबली नाही. नाटकांची संख्या नव्वदीला जाऊन भिडली. १९९७ साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली. लंडनने डोक्यावर घेतले तरी बहुतेक नाटकांचा पहिला प्रयोग स्कारबरोलाच व्हायचा हा नेम त्याने सोडला नाही, आणि १९७२ पासून २००९ पर्यंत तिथल्या रंगभूमीची धुराही वाहिली.

हे स्कारबरो प्रकरण महत्त्वाचे आहे. समुद्रकाठचे, हवा खायला जाण्याचे गाव. उन्हाळ्याच्या सुटीत माणसे यायची, आणि इंग्लंडचा उन्हाळा तो, पाऊस पडायचा. भिजलेली माणसे कोरडे व्हायला नाटकाला येणार, त्यांना हसवील असे काहीतरी लिही, अशी जोसेफची मागणी होती. त्यातून 'रिलेटिव्हली स्पीकिंग' निघाले, आणि १९६७ साली तेच लंडनमध्ये गाजले. शिवाय रंगमंचही निराळा. गावच्या वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, मध्ये नट आणि चारी बाजूंनी प्रेक्षक. आपल्याकडे भारुडाभोवती लोक कोंडाळे करतात तसे. फार्स म्हटला की धाडधाड आपटणारी दारे हवीत. इथे भिंतीच नाहीत तर दारे कुठली! पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की अशा ठिकाणी नटापलीकडे समोर बसलेला प्रेक्षक आपल्याला दिसतो. आपण हसत असताना तो हसत नसेल, तर तेही दिसते.

रचनेच्या करामती तर विचारूच नका. १९६९ च्या 'हाऊ द अदर हाफ लव्हज'मध्ये दोन घरांचे दिवाणखाने एकाच जागी मांडले आहेत, सामान एकमेकांत मिसळलेले. गुरुवारची आणि शुक्रवारची अशी दोन वेगळ्या घरची जेवणे एकाच टेबलावर एकाच वेळी चालतात, आणि दोन्हीकडे पाहुणे तेच बिचारे जोडपे! मान वळवली की दिवस बदलतो. १९७३ च्या 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स'मध्ये एकाच घरातल्या एकाच शनिवार-रविवारची तीन नाटके आहेत: जेवणघरातले एक, बैठकीच्या खोलीतले एक, बागेतले एक. एका नाटकातून तणतणत बाहेर पडलेले माणूस दुसऱ्यात येऊन उभे राहते. पण करामत आपण एकदा पाहतो आणि विसरतो. मला विसरता आले नाही ते १९७२ चे 'ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर', म्हणजे पेन्सिल कोरी ठेवणारे तेच पुस्तक.

तीन जोडपी, तीन नाताळ, तीन घरे. म्हटले तर मेजवान्यांचे नाटक. परंतु मेजवानी आपल्याला दिसतच नाही. आपण सारा वेळ स्वैपाकघरात! लेखकाने आधी बैठकीची खोलीच योजली होती. मग त्याच्या ध्यानात आले, की खरे नाटक मागच्या खोलीत घडते आहे. पहिल्या अंकात बैठकीत पॉटर नावाचे एक खुशालचेंडू जोडपे विनोद सांगत असते. ते कधीच आत येत नाही. दार उघडले की हशा ऐकू येतो, मिटले की बंद. आणि आत यजमानीणबाई जेन, धास्तावलेली, पुन्हा पुन्हा ओटा पुसते आहे.

दुसऱ्या अंकातले स्वैपाकघर ईव्हाचे. नवरा तिला सोडून जायचे ठरवून बसला आहे. ती जवळजवळ संपूर्ण अंकभर एक शब्द बोलत नाही. जीव द्यायचे तिचे प्रयत्न चालू आहेत आणि प्रत्येक प्रयत्नाच्या आड येतो तो कुणाचा तरी मदतीचा हात! जेन ओव्हन घासते, तिचा नवरा सिडनी मोरी दुरुस्त करायला सरसावतो, बँकवाले रोनल्डसाहेब दिव्याची जोडणी हाती घेतात आणि विजेचा धक्का खातात. खलपुरुष कुणीही नाही. सगळी भली, कामसू माणसे. शेवटी ईव्हाच्या तोंडून पहिला आवाज निघतो तो नाताळच्या एका गाण्याचा, आणि बाकीची मंडळी त्यात सूर मिसळतात.

हा अंक मी घरी सौ.ला वाचून दाखवला. मराठीत सांगत सांगत, हातवाऱ्यांसह. मी हसत होतो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "एवढी माणसं त्या स्वैपाकघरात, आणि एकानंही तिच्या तोंडाकडे नीट बघितलं नाही होय?"

मी म्हटले, "अगं, तोच तर विनोद आहे."

"असेल," ती म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली.

पुढे मी १९७६ चे 'जस्ट बिट्वीन अवरसेल्व्ज' वाचले. पावसात भिजलेल्या पाहुण्यांसाठी नव्हे, ऐन हिवाळ्यासाठी लिहिलेले. त्यात डेनिस म्हणून एक नवरा आहे. सदा हसतमुख. बायकोच्या, व्हेराच्या हातून काही पडले, सांडले, फुटले की हा हसतो. तो दुष्ट नाही. बायकोवर त्याचे प्रेमही असावे. त्याला आपले वाटते, की हसले म्हणजे झाले. एकीकडे सासू, दुसरीकडे हा आनंदी मनुष्य, यांच्यामध्ये व्हेरा वाढदिवसामागून वाढदिवस थोडी थोडी खचत जाते, आणि शेवटी जानेवारीच्या थंडीत बागेत खुर्चीवर मुकी बसून राहते. नवऱ्याला अजूनही वाटते, की होईल बरी. हे नाटक वाचताना पेन्सिल माझ्या हातात नव्हती. असती तरी रेघ कुठे मारणार? डेनिसची वाक्ये माझ्या परिचयाची होती.

आता घरची एक गोष्ट सांगतो, नाइलाजाने. अनारसा तुपात सोडल्यावर जाळी धरण्याऐवजी पसरला, विरघळला, की आमच्याकडे बायका 'अनारसा हसला' म्हणतात. आमच्याकडे तो दर दिवाळीला एखादा घाणा तरी हसतो. पाडव्याला मित्रमंडळी जमली की मी म्हणतो, "माझ्या विनोदांना या घरात काय ते अनारसेच हसतात!" मंडळी खो खो हसतात. अकरा वर्षे हा विनोद चालला आहे. नवे पाहुणे असले तर जुने पाहुणे तो मला पुन्हा सांगायला लावतात. बैठक आणि स्वैपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे दार नाही, नुसता पडदा आहे. आतून झाऱ्याचा आवाज येत असतो. आमच्या हशाच्या वेळी तो थांबत असे की काय, हे मला सांगता येणार नाही. मी कधी ऐकलेच नाही.

यंदाचे तांदूळ भिजत पडले आहेत. पाडव्याची मंडळीही ठरल्याप्रमाणे येणार. मी बाकी मनाशी ठरवले आहे, की या खेपेस बैठकीत रमायचे नाही, आत जाऊन पाट मांडायचा, अनारसे थापून द्यायचे, निदान खसखस तरी पसरून द्यायची. सौ.ला तसे बोलूनही दाखवले. तिने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले.

"एवढं करू नका," ती म्हणाली. "तुम्ही वाचून दाखवलेल्या त्या नाटकात मदतीलाच तर आले होते सगळे."