गृहीतकाला विचारलेला प्रश्न

१४ ऑगस्ट २०१९ रोजी ‘लायगो’ आणि ‘व्हर्गो’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणांनी शास्त्रज्ञांना एक कोडे घातले. सूर्याच्या सुमारे २३ पट वस्तुमानाच्या कृष्णविवरावर जी वस्तू आदळली, तिचे वस्तुमान होते सुमारे २.६ सूर्यांइतके. न्यूट्रॉन तारा म्हणावे तर फार जड, कृष्णविवर म्हणावे तर फार हलकी. या कोड्याला हात घालणाऱ्यांत अमेरिकेतील क्रिस्टीन ये ही १७ वर्षांची शाळकरी मुलगीही होती. त्या कामासाठी २०२२ मध्ये तिला ‘रीजेनेरॉन सायन्स टॅलेंट सर्च’ स्पर्धेचे अडीच लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले.

तिच्या हाती होत्या अशा चार टकरींच्या नोंदी, संगणक आणि मार्गदर्शन करणारी एक संशोधिका. आधीच्या विश्लेषणांत सर्व न्यूट्रॉन ताऱ्यांना वस्तुमानाची एकच कमाल मर्यादा धरलेली असे. पण स्वतःभोवती वेगाने फिरणारा तारा जास्त वस्तुमान पेलू शकतो, हे इतर शास्त्रज्ञांनी सुचवले होते. या दोघींनी ते फिरणेच संगणकीय प्रारूपात घातले. मग ती जड वस्तू न्यूट्रॉन तारा असू शकते, असे दिसले. पुढे अशा १५० टकरी नोंदल्या गेल्यास ही मर्यादा किती अचूक ठरेल, याचाही अंदाज त्यांनी मांडला.

‘असू शकते’ हे शब्द येथे मोलाचे. संगणकातले प्रारूप ‘असे धरले तर काय दिसेल’ एवढेच सांगते. गृहीतक बदलले की उत्तरही बदलते. कोडे आजही पुरते सुटलेले नाही. बक्षीस मिळाले ते नेमका प्रश्न विचारून तो चिकाटीने तपासल्याबद्दल.

‘लायगो’च्या नोंदी जगात कोणालाही मोफत मिळतात. त्याच साखळीतील ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मात्र आपल्याकडे शाळेतला ‘प्रकल्प’ बहुधा गुणांपुरता आणि अनेकदा दुकानातून तयार आणलेला. वेधशाळा झाल्यावर तिथल्या अकरावीच्या मुलीने ती सहलीत पाहून परतायचे, की तिच्या नोंदी आपल्या महाविद्यालयातील संगणकावर उघडायच्या? त्यासाठी चालू संगणक हवा, आणि ‘हे अभ्यासक्रमात नाही’ असे न म्हणणारा शिक्षक हवा. २,६०० कोटींच्या तुलनेत हा खर्च किरकोळच आहे.