पाणी नितळ, कार्ड हिरवं. मग नायट्रेट कुठून आलं?

वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेले देशातले पंधरा जिल्हे दिले आहेत, त्यातले हे सात एकट्या महाराष्ट्रातले. २०२३ मध्ये राज्यात घेतलेल्या नमुन्यांपैकी जवळपास ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. देशाचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे. २०१७ मध्ये असे जिल्हे ३५९ होते, २०२३ मध्ये ४४० झाले.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलीग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. क्षारांच्या बाबतीत दुसरा स्रोत नसेल तर नियमात थोडी सूट आहे, नायट्रेटला ती नाही. कारण धोका सगळ्यात लहान जिवाला असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात मिसळतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात, वेळेत उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका डॉक्टरने हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तोही शेतातल्या विहिरींच्या पाण्यावरून. अंगावरच्या दुधातून हा धोका जवळपास नाही. धोका आहे तो बाटलीच्या दुधात, पावडरीत मिसळलेल्या पाण्यात आणि आपल्याकडे तान्ह्याला घुटी उगाळून देतात त्या पाण्यात.

आता घरोघरी होणारी चूक. पाणी उकळलं की शुद्ध झालं, असं सगळेच धरून चालतात. जंतूंसाठी ते खरंय. पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवा, ब्लीचिंग पावडर टाका, काही फरक पडत नाही. त्याला ना रंग, ना वास, ना चव. ते काढतं आरओ. पण थंड पाण्याचा जार म्हणजे आरओचं पाणी असं नाही. काही ठिकाणी पाणी नुसतं गार करूनच विकलं जातं.

हे येतं कुठून? युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०-२१ किलो नत्र असतं. त्यातलं निम्मंसुद्धा पिकाच्या हाती लागत नाही. काही हवेत उडतं, बाकीच्याचं जमिनीत नायट्रेट होतं. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे जोराचा पाऊस किंवा पाट पाणी झालं की ते खाली उतरतं, मुरमातून, खडकाच्या भेगांतून थेट विहिरीत. ढगाळ वातावरण बघून युरिया फेकला आणि रात्री धो-धो कोसळला, की अर्धं पोतं पिकाला आणि अर्धं विहिरीला.

दोष सगळा शेतकऱ्यावर ढकलणं मात्र सोपं आहे. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीचं साडेतेराशेला. स्वस्त तेच जास्त पडणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. वरून चार दिवसांत पीक हिरवंगार दिसतं, शेजारच्या धुऱ्यावरून बघणाराही मग एक पोतं वाढवतो. सोयाबीन, तूर, हरभरा मुळांवरच्या गाठीतून स्वतःचं बरंचसं नत्र स्वतः मिळवतात, तरी त्यांनाही वरून युरिया पडतोच.

आणि एकटं खतच नाही. विहिरीला खेटून असलेला उकिरडा, गोठ्याचं मूत, शौचालयाचे शोषखड्डे यातूनही नायट्रेट मुरतं. ज्या गावात हापशी, उकिरडा आणि शोषखड्डा एकाच आळीत आहेत, तिथे शेत लांब असलं तरी पाणी बिघडू शकतं.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं हिरवं कार्ड यात फार कामाचं नाही. ते स्रोताच्या भोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा वापर बघून दिलेलं असतं. नायट्रेटचा आकडा प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी केल्यावरच कळतो. जलसुरक्षक नमुना घेऊन जातो, अहवाल येतो आणि पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या फायलीतच राहतो. जैविक तपासणीत ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का बसला म्हणजे नायट्रेट कमी आहे असा अर्थ होत नाही. दोन्ही तपासण्या वेगळ्या.

भूजल मंडळाचे नमुने ठरावीक विहिरींचे असतात. ३६ टक्के म्हणजे तुमचीच विहीर खराब असं नाही, आणि यादीत जिल्हा नाही म्हणून चांगली असंही नाही. म्हणून ग्रामसभेत विचारायचं ते नेमकं: पिण्याच्या प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली, नायट्रेट किती निघालं, पाऊस संपल्यावर नमुना पुन्हा घेतला का? आकडा ४५ च्या वर असेल तर त्या स्रोतावर तशी पाटी लावायला लागतो रंगाचा एक डबा. घरात तान्हं बाळ असलेल्या बाईला मात्र त्या पाटीमुळे कळेल की पाणी दुसरीकडून आणायचं आहे. युरिया उद्यापासून कमी केला तरी आधीच खाली उतरलेलं नायट्रेट निघून जायला कित्येक वर्षं लागतात.