पोस्टरवरचं आमचं घर

मे महिन्यात पुण्याहून नात आली होती. तिन्हीसांजेला म्हटलं, "जा गं, विहिरीवरचा दिवा लावून ये." तर म्हणते, "आज्जी, एकटी नाही हं! तिथे अगदी थ्रिलरच्या पोस्टरसारखं दिसतं."

घ्या! पोफळीच्या वाडीतली आमची साधी विहीर. पण तिने फोनवर चार-पाच पोस्टरं दाखवली आणि मी गप्प बसले. काळपट निळा रंग, कौलारू घर, एकच उजळ खिडकी, कंदील घेतलेली पाठमोरी आकृती, तडे गेलेली अक्षरं. नावं झाकली तर हे कुठलं नि ते कुठलं, कळायचं नाही.

आमच्या वेळचीही ठरीवच होती म्हणा. १९६४ साली 'पाठलाग' आला, त्याच वर्षी 'वो कौन थी'. त्या काळातली रहस्यपटांची पोस्टरं हाताने रंगवलेली. निम्मा चेहरा उजेडात, निम्मा हिरव्या-निळ्या सावलीत, ब्रशचे जाड फटकारे, ओघळणारी लाल अक्षरं. भडकपणाचं तर विचारूच नका! पण भीती असायची ती माणसाच्या डोळ्यांत. ही बाई खरं बोलतेय का, एवढ्यासाठी तिकीट काढावंसं वाटे. आता माणसाला पाठमोरं उभं केलंय आणि घाबरवायचं काम दिलंय घराला. तेही बहुतेक कोकणातल्या!

२०१८ च्या 'तुंबाड'चंच बघा. सिनेमा उत्तम, वादच नाही. पण नाव रत्नागिरीतल्या खेड तालुक्यातल्या गावाचं आणि वाडा सासवडचा. म्हणजे वाडा देशावरचा, बदनामी आमची.

फोनच्या इवल्याशा चौकटीत अंधारातला एक ठिपका चटकन नजरेत भरतो, हे मलाही कळतं. पण १९५८ साली सॉल बास या अमेरिकन चित्रकाराने हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं पोस्टर केलं, त्यात घर नाही, सुरा नाही, अंधारसुद्धा नाही. लालसर नारिंगी कागद, पांढऱ्या रेघांचा भोवरा आणि त्यात पडणारा माणूस. बस्स. बघूनच पोटात कालवतं. ते चित्र तर टपाल तिकिटाएवढं केलं तरी ओळखू येईल.

असो. शेवटी नातीबरोबर मीच गेले. दिवा लावला, रहाटाशी जरा वेळ बसलो. म्हटलं, "काढ आता फोटो, आईला पाठव."

तिने काढला, फोनवर काहीतरी खुडखुड केली आणि निळा करूनच पाठवला.