पर्यटकाचा विरस आणि विंचूरचा कांदा

मुंबई बंदरात सकाळी लागलेल्या परदेशी पर्यटक-जहाजातील उतारू वातानुकूलित बसगाड्यांत बसून शहर पाहावयास निघतात आणि दिवस मावळण्यापूर्वी घामाघूम होऊन, चिडून परततात. हाती जेमतेम सात-आठ तास. गेटवे, बोरीबंदरचे स्थानक बाहेरूनच, मणिभवन धावतपळत, महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून. वार सोमवार निघाला तर घारापुरीची लेणी बंद. उरलेला वेळ रहदारीत. ऊन फार, गर्दी फार, पैसे वाया गेले, ही त्यांची तक्रार खोटी नाही; मात्र तिचे खापर शहरावर फोडणे अन्यायाचे आहे.

ही सहल विकतो कोण? बहुधा जहाजकंपनीच, आणि तीही जहाजावरच. किनाऱ्यावरील बसचालक व वाटाड्या यांच्या हाती त्यातला एक हिस्सा पडतो. उतारूचा मुक्काम जहाजावर, न्याहारी आणि रात्रीचे जेवणही तेथेच. अशा अनेक जहाजांवर निशाण बहामाचे वा पनामाचे असते, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा कायदाही तिकडचाच. ज्या धोब्याचे कष्ट पुलावरून छायाचित्रात टिपले जातात, त्याला या व्यवहारातून दमडी मिळत नाही. वेनिसमधील नागरिकांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला, तेव्हा 2021 मध्ये प्रचंड जहाजांना तेथील मुख्य कालव्यातून मज्जाव झाला. बार्सिलोनाने 2025 मध्ये आपले असे धक्के सातावरून पाचावर आणण्याचे ठरविले. आपले राज्यकर्ते मात्र उलट्या दिशेने निघाले आहेत. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्र सरकारने पर्यटक-जहाजांवरील बंदर-आकार 60 ते 70 टक्क्यांनी उतरविल्याचे जाहीर केले. सप्टेंबर 2024 मध्ये असे प्रवासी पाच वर्षांत दुप्पट करण्याची मोहीम निघाली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई बंदरात नव्या प्रवासी धक्क्याचे उद्घाटन झाले.

याच समुद्राकडे डोळे लावून बसलेला दुसरा एक वर्ग आहे. निफाड तालुक्यातील विंचूर हे लासलगाव बाजार समितीच्या उपबाजाराचे गाव. नाशिकचा कांदा न्हावाशेव्यातून परदेशी जातो. या कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क बसले. डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनामागे 550 डॉलर किमान भाव यांची बेडी घालूनच. शुल्क पूर्णपणे गेले ते 1 एप्रिल 2025 रोजी. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्महिने टिकत नाही. आज विकला नाही तर उद्या सडतो. नेमक्या त्याच वेळी बंदराचे दार लावून घेतले गेले. सैलानी जहाजाला सवलत आणि कांद्याला कुलूप, हे कोणते बंदर-धोरण?

शहरी कामगाराला कांदा स्वस्त मिळावयास नको काय, असा प्रश्न विचारला जाईल. अवश्य मिळावा. त्यासाठी सरकारने लिलावात उतरून उत्पादनखर्चाला परवडेल अशा भावाने खरेदी करावी आणि रास्त भावाच्या दुकानातून विकावे. त्याचा भार सरकारी तिजोरीने सोसावा, विंचूरच्या दोन एकरवाल्याने नव्हे.

पर्यटनाचा पैसा खेड्यापर्यंत झिरपतो असे सांगण्याची प्रथा आहे. विंचूरला तर 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाखाली उभारलेले वाइन पार्कही आहे. पण मुंबईचा धक्का तेथून दोनशे किलोमीटरांहून दूर. आठ तासांचा पाहुणा कसाऱ्याचा घाट चढणार केव्हा आणि उतरणार केव्हा? त्याच्या जहाजावरील पेल्यात नाशिकची वाइन असेलच, याचीही हमी कोणी घेतलेली नाही.

मुंबईतील सहकाऱ्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात. टॅक्सीचालक व वाटाड्यांच्या सहकारी संस्थेला धक्क्यावरच सहली विकण्याची खिडकी मिळावी. आणि प्रत्येक परदेशी उतारूमागे कर आकारून त्यातून शहरात सावली, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे उभी राहावीत. त्या उन्हात पाहुणा एक दिवस असतो, पाटीवाला बारा महिने. निफाडच्या सहकाऱ्यांची मागणी याहून साधी आहे: निर्यातीसंबंधीचा निर्णय लागवडीपूर्वी जाहीर व्हावा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावला जाऊ नये.